घाई तुझी नव्हती

वंदना, घाई तू केली नव्हतीस.

एवढं एकच वाक्य तुझ्यासमोर बसून म्हणायचं होतं, आणि ते मी अकरा वर्षं म्हटलं नाही. आता तुला जाऊन तेवीस दिवस झालेत. गाळ्याचं शटर मी रोज उघडते, पंखा लावते, तुझ्या टेबलावरच्या मातीवरचं फडकं भिजवून, पिळून परत टाकते आणि माझ्या स्टुलावर येऊन बसते. त्या मातीचं पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. पण वाळली तर दगड होईल, म्हणून फडकं भिजवते.

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. तुझ्या शिबिरातली माणसं आली होती, प्रदर्शनांत भेटणारी आली होती, आणि आमच्या शिरवण्यातल्या त्या बायकाही आल्या होत्या ज्या तुला शेवटपर्यंत 'बावलीवाली', म्हणजे बाहुलीवाली, म्हणायच्या. एक दाढीवाले गृहस्थ बोलायला उभे राहिले. म्हणाले, "वंदनाताईंनी स्वतःतल्या घाईवर मात केली. मोठ्या मूर्तींचा मोह सोडून त्या तळहातावर मावेल एवढ्या मूर्तीपर्यंत आल्या. ही त्यांची साधना." सगळ्यांनी माना हलवल्या. खाई त्याला खवखवे. पुढचं नाव माझंच होतं. मी उठले, माईक हातात घेतला आणि सांगितलं की वंदना चहा फार वाईट करायची. लोक हसले, दोघी-तिघींनी डोळे पुसले, मी खाली बसले. तिथेही बोलले नाही.

म्हणून आता पहिल्यापासून सांगते. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, तरी ऐक. त्याशिवाय मला त्या दिवसापर्यंत पोचता येणार नाही.

तू गाळा बघायला आलीस तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, दारातच खुर्ची टाकून बसले होते. भट्टी लावणार म्हटल्यावर ते सावध झाले.

"कसली भट्टी?"

"मातीच्या मूर्ती करते, काका."

"गनपतीच्या?"

"नाही. माणसांच्या. नुसती बसलेली माणसं."

दादा माझ्याकडे वळले. "ही बाय बरी हाय ना ग? नुसत्या बसलेल्या मानसाची मूर्ती कोन घेनार हाय?"

मला हसू आवरेना, आणि तू रागावण्याऐवजी माझ्याबरोबर हसलीस. गाळा तुला तिथेच मिळाला. दादांना न रागावणारी माणसं आवडायची, कारण त्यांच्या घरात मी होते.

मी तेव्हा घरी बसून होते. महाप्याच्या एका कारखान्यात चौदा वर्षं क्वालिटी कंट्रोलला काढली होती. विजेच्या खांबांवर असतात ते चिनीमातीचे इन्सुलेटर. ट्यूबलाइटखाली एकेक नग फिरवायचा आणि खोट शोधायची, एवढंच माझं काम. चीर, फोड, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. छिद्र दिसलं की नग बाद. कारखाना बंद पडला, पण नजर काही बंद पडली नाही. घरातल्या ताटावरचे ओरखडे, वहिनीच्या साडीची पिन, भिंतीचा पोपडा, सगळ्यावर माझं बोट. घरचे मेटाकुटीला आले होते. भट्टीतलं मला कळतं असं मी सहज बोलले आणि तू लगेच म्हणालीस, "मग भट्टी तूच बघ ना. मला आगीची भीती वाटते." तू मला घराबाहेर काढलंस, वंदना. माझं नंतरचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं आहे. याचे आभार कधी मानले नाहीत, तेही राहिलंच.

तुझं काम मला पहिली दोन वर्षं कळलं नाही. मांडी घालून बसलेल्या बायका, उकिडवे बसलेले म्हातारे, डोळे अर्धे मिटलेले. मातीच्या त्या अंगांत तू तळवलीच्या खाडीतून आणलेल्या तिवराच्या काड्या खोचायचीस, भंगारवाल्याकडचा गंजका पत्रा, तांब्याची तार, फाटक्या जाळ्याचा तुकडा. सुंदर दिसायचं, हे मान्य. पण त्यावर तू जे बोलायचीस त्याने मला वैताग यायचा. "श्वासाकडे बघ, सुमन. नुसतं बघ." मी म्हणायचे, मी नाही बघितलं म्हणून तो काही बंद पडत नाही. एकदा तू मला ओहोटीला खाडीवर नेलंस आणि चिखलातून वर आलेल्या तिवराच्या बारीक मुळ्या दाखवल्यास. चिखलात हवा नसते, म्हणून ही झाडं श्वास घ्यायला मुळ्या वर काढतात, असं सांगताना तुझे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, "आमच्या आजीनं याच चिखलात निवट्यांची मासळी पकडली सगळं आयुष्य. तिला कोणी रडताना पाहिलं नाही." तू म्हणालीस, "तिला विचारलं का कोणी?" हा वाद आपण अर्धाच सोडला, कारण भरती चढायला लागली होती.

आणि तुझी ती रीत. मूर्ती आतून पोकळ असली की तिला कुठेतरी भोक ठेवावंच लागतं. नाहीतर आतली ओल आतच राहते, भट्टीत तिची वाफ होते आणि मूर्ती फुटते. मातीकाम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. पण तू खराट्याची काडी घेऊन बुडाशी भोक पाडायचीस आणि मग मूर्तीवर हात ठेवून डोळे मिटून बसायचीस. "आता हिचा श्वास सुरू झाला." मी म्हणायचे, "वाफेची सोय झाली म्हण." तू म्हणायचीस, "तेच ते." मी म्हणायचे, "तेच नाही." मला तुझी फार आठवण येते. कोणी विरोध करायला नाही म्हणून मी हल्ली दिवसभर गप्प असते, आणि हे कळलं असतं तर तू टाळ्या वाजवल्या असत्यास.

मग तू आईला घडवायला घेतलंस. मराठवाड्यातलं गाव सोडून आल्यावर तुझ्या आईने तुर्भ्याच्या खाणीत खडी फोडली, पाट्या वाहिल्या, आणि त्यातून तुम्हा तिघांना शिकवलं. तू मला सांगितलंस, "आई बसलेली मला आठवतच नाही. जेवायचीसुद्धा उभ्यानं. म्हणून तिला बसवते." कमरेएवढी मूर्ती. तुझं तोवरचं सगळ्यात मोठं काम. भिंतीला टेकून, पाय पसरून, हात मांडीवर उताणे टाकून बसलेली बाई. डोक्यावर अंबाडा, खांद्यावर लुगड्याला लावलेलं ठिगळ. तीन महिने तू घरी फक्त झोपायला जात होतीस. ती तयार झाली तेव्हा मी, खोट काढणारी बाई, दहा मिनिटं तिच्याभोवती फिरत होते. तू घाबरून विचारलंस, "काय चुकलंय?" मी म्हटलं, "काही नाही." चौदा वर्षांत एवढ्या सहज मी एकही नग पास केला नव्हता.

डोक्याचं वजन मानेला पेलावं म्हणून तू गळ्याशी आतून मातीची आडवी फळी घातली होतीस. त्यामुळे डोकं आतल्या आत वेगळं, बंद झालं होतं. त्याच्यासाठी तू वेगळं भोक पाडलंस, मागे, अंबाड्याखाली, दिसू नये म्हणून. हे तू मला सांगितलं नव्हतंस. सांगायची वेळच आली नसेल. मला माहीत होतं ते बुडाशी असतं.

त्या दुपारी तू डबा खायला बाहेर बाकड्यावर गेलीस. मूर्ती अजून अर्धवट ओली होती. मी ओला स्पंज घेऊन तिच्यावरून हात फिरवत होते, बोटांचे ठसे काढत होते. अंबाड्याखाली मला एक छिद्र दिसलं. पिनहोल. मी बुडाशी वाकून बघितलं, तिथलं भोक जागच्या जागी होतं. मग हे इथे काय करतंय? तुझ्या नखाने पडलं असेल, असं मी ठरवलं. तुला हाक मारायची होती. तू दहा पावलांवर होतीस, दाराच्या पलीकडे, मला तुझी पाठ दिसत होती. पण मला कुठला धीर? मी चिमूटभर माती घेतली, छिद्रात दाबली, अंगठ्याने सारवली, वरून स्पंज फिरवला. कुठे काही होतं असं वाटू नये इतकं ते सफाईने झालं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

पुढे वाळायला तू अजून पंधरा दिवस मागत होतीस. प्रदर्शन तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, "वरून खडखडीत वाळलीय, उगाच काय लांबवतेस? आज लावू भट्टी." तू मूर्तीला गाल लावलास. माती गार लागली तर आत ओल असते, असं तुझं होतं. म्हणालीस, "मानेशी गार लागतेय गं अजून." मी म्हटलं, "ट्रकवाल्याला काय सांगू?" मग तू मान हलवलीस.

भट्टी चढायला लागली आणि तिसऱ्या तासाला आतून दणका आला. एकच. तू माझा हात धरलास. भट्टी बंद करून थंड व्हायला दुसरी दुपार उजाडली, आणि दार उघडलं तर अंग तसंच होतं, हात तसेच मांडीवर, आणि खांद्याच्या वर काही नव्हतं. शेल्फभर ठिकऱ्या. तू खाली बसलीस. रडली नाहीस. म्हणालीस, "ओली होती. मला कळत होतं. मी थांबायला हवं होतं. मला घाई झाली, सुमन."

मी ठिकऱ्या गोळा करत होते. अंबाड्याचा तुकडा हाताला लागला. आतल्या बाजूने भोक स्वच्छ दिसत होतं, काडीचं, गोल, आणि बाहेरच्या बाजूने त्याला माझ्या मातीचं बूच. बुचाचा रंगही जरा वेगळा होता. ते कळायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही, ते माझं कामच होतं. मी तो तुकडा अॅप्रनच्या खिशात टाकला.

त्या क्षणी का नाही बोलले? भ्याले, दुसरं काही नाही. तू मला भट्टीवरून काढून टाकशील असं वाटलं, आणि मला परत घरी बसून वहिनीच्या साडीची पिन बघायची नव्हती. दुसऱ्या दिवशी बोलू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तू हसत आलीस आणि म्हणालीस, "टेन्शन नको घेऊस, माझ्या चुकीचं तू का वाईट वाटून घेतेस?" त्यानंतर बोलणं अवघड झालं. आठवड्याने त्याहून अवघड झालं. महिन्याभराने आपण खाडीवर काड्या आणायला गेलो तेव्हा मी तो तुकडा पाण्यात फेकला. तू वळून विचारलंस, "काय टाकलंस?" मी म्हटलं, "दगड." तू म्हणालीस, "लांब गेला की." मला अजून तुझा तो कौतुकाचा स्वर ऐकू येतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी स्वतःशी काहीतरी तडजोड केली असती. पण तू मोठं काम करणंच सोडलंस. तुझं म्हणणं, तुझा हात मोठ्याला पुरत नाही, शेवटी शेवटी तुला घाई होते. त्या घाईचा इलाज म्हणून तू दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला जायला लागलीस. एकदा नाही, दर वर्षी. परत आलीस की सांगायचीस, या वेळी घाई जरा कमी झाल्यासारखी वाटतेय. जी तुझ्यात नव्हतीच ती घालवायला तू दर वर्षी दहा दिवस तोंड मिटून बसत होतीस, आणि जिची होती ती इथे गाळ्यात पंख्याखाली बसून भट्टीचे आकडे लिहीत होती.

मी तुझ्याशी भांडायचे. "परत मोठं कर. आईला परत बसव." तू नाही म्हणायचीस. मी चिडायचे, तुला भित्री म्हणायचे, एकदा तर ढोंगी म्हटलं. तू मला म्हणालीस, "तुला माझ्यापेक्षा जास्त लागलंय ते." खरं होतं, पण तू समजत होतीस त्या कारणाने नाही. मग तुझ्या छोट्या मूर्तींचं कौतुक व्हायला लागलं. तळहाताएवढ्या, शांत, तिवराच्या एका काडीला टेकून बसलेल्या. कोणी लिहिलं की हा संयम आहे. त्या मूर्ती चांगल्याच होत्या, वंदना, मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण प्रत्येक छोटी मूर्ती भट्टीत ठेवताना तू मला विचारायचीस, "वाळलीय ना गं? नक्की?" तीन-तीनदा विचारायचीस. आधी कधी विचारत नव्हतीस.

हॉस्पिटलमध्ये मी ठरवून आले होते. चार ते सहा भेटायची वेळ. तुझी वहिनी खाली औषधं आणायला गेली होती. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "वंदना, ती आईची मूर्ती..." तू डोळे उघडलेस, ओठाच्या कोपऱ्यात हसलीस. "आता परत मोठं कर म्हणू नकोस हं. आता खरंच नाही जमणार." आणि मी हसले. तुझा हात थोपटला आणि सफरचंद चिरायला घेतलं. बारीक, सारख्या फोडी केल्या. तू एकही खाल्ली नाहीस.

परवा तुझी आई गाळ्यावर आली. तुझ्या वहिनीने तिला रिक्षातून आणलं आणि स्वतः बाहेर फोनवर बोलत थांबली. म्हातारीने तुझं टेबल बघितलं, काड्यांची बरणी बघितली, छोट्या मूर्तींवरून बोट फिरवलं. मग कोपऱ्यातल्या त्या धडापाशी गेली. ते तू कधी टाकू दिलं नाहीस. आपण त्यावर अॅप्रन अडकवायचो. आईला मात्र ते तू कधी दाखवलं नव्हतंस; अर्धी आई आईला कशी दाखवू, असं तुझं म्हणणं. तिने अॅप्रन काढून बाजूला ठेवले. खांद्यावरच्या ठिगळावर हात ठेवला.

"हे तर माझं हाय. पाटीनं फाटायचं लुगडं. मीच लावलेलं." जरा वेळाने विचारलं, "मुंडकं कुठंय?"

आणि तिला मी सांगितलं. सगळं, क्रमाने. भोक, स्पंज, अंगठा, ट्रकवाला, खाडी. ती ठिगळावरचा हात न काढता ऐकत होती.

"वंदीला काय वाटलं मग?"

"तिला वाटलं, तिनं घाई केली."

"घाई?" तिने माझ्याकडे बघितलं, जणू मी दुसऱ्याच कोणाचं नाव घेतलं. "माझ्या लेकराला घाई? सुईत दोरा ओवायला बसली तर सांज करायची. वेणी घालीपर्यंत शाळेची घंटा व्हऊन जायची. म्या रोज ओरडायची तिच्यावर. पोटातूनबी उशिरानंच आली ती. मला कुनी इचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी म्हटलं, "मावशी, मला माफ करा."

तिने अॅप्रन उचलले, एकेक करून परत त्या खांद्यांवर अडकवले. मग पदर नीट केला.

"म्या काय माफ करू, बाई. माझं तू काय केलंस? तिला सांगायचं व्हतंस."

बरोबर बोलली ती. अकरा वर्षं, वंदना, तू रोज माझ्यापासून हातभर अंतरावर बसत होतीस.